डावीकडची सीट

काशीराम धनावड्याने आयुष्यभर लोकांना त्यांच्या त्यांच्या माणसांकडे पोचवलं. लेकीकडे निघालेल्या म्हाताऱ्या, माहेरपणाला निघालेल्या पोरी, दवाखान्यात पडलेल्या भावाला बघायला निघालेली माणसं, कुणी लग्नाला निघालेलं, कुणी मयताला. रत्नागिरी आगारात ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा त्याला धड मिशी फुटली नव्हती, आणि निवृत्त झाला तेव्हा तीच मिशी पांढरी झाली होती. मधली बहुतेक वर्षं वरच्या रूटवर गेली. वरच्या म्हणजे घाटावरच्या. कोल्हापूर, सांगली, मिरज. आंबा घाट त्याच्या अंगात इतका भिनला होता की झोपेतसुद्धा ह्यांचा डावा पाय क्लच दाबतो, असं त्याची बायको जनी सगळ्यांना सांगायची.

स्वतःच्या माणसांना घेऊन मात्र तो कधी कुठे गेला नाही. गणपतीत जादा गाड्या, शिमग्यात जादा गाड्या, आणि मे महिन्यात रजेचा अर्ज घेऊन गेलं तर साहेब मान वर करून बघतही नसत. लग्नानंतर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं होतं, तेही ड्यूटीवरच उरकलं. हातभर हिरवा चुडा घातलेली जनी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. ती सीट कंडक्टर रावजीने रुमाल टाकून राखली होती. घाट लागला आणि जनीला मळमळायला लागलं. आरशातून काशीरामला तिचा पांढराफटक चेहरा दिसत होता, पण भरली गाडी चढावर थांबवणार कशी? रावजीने कुणाकडून तरी लिंबू मिळवून तिच्या हातात दिलं. कोल्हापुरात पोचल्यावर काशीरामला झोप घेणं भाग होतं, कारण तीच गाडी परत आणायची होती. म्हणून जनीला देवळात घेऊन गेला तोही रावजीच. जनी हे हसत हसत सांगायची. देवीसमोर जोडीने उभं राहायचं, तर माझ्या बाजूला कोण, रावजीभावोजी, गळ्यात पैशांची पिशवी नि हातात तिकिटांची पेटी. काशीरामही हसायचा. पण प्रत्येक वेळी मनात म्हणायचा, एकदा हिला आपल्या गाडीतून नेईन, आणि ती म्हणेल तिथे थांबेन.

मनस्वी ही त्यांची एकुलती लेक. ती सांगलीला एका दवाखान्यात नर्स होती आणि जावई अजिंक्य तिथेच एका कारखान्यात होता. बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून आता दोघांनी गावाबाहेर लहानसं घर बांधलं होतं, पुढे थोडं अंगण सोडून. वास्तुशांतीच्या वेळी जनी तापाने अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे जाणं राहिलं. तेव्हापासून दर फोनला एकच प्रश्न, कधी येता. संक्रांत झाली तशी एका संध्याकाळी काशीरामने जनीच्या हातातून फोन घेतला आणि सांगून टाकलं की महिनाअखेरीला येतो, आणि आपल्या गाडीने येतो.

बाबा, एसटीचा पास आहे तर आरामात बसून या की, असं मनस्वीचं म्हणणं पडलं. काशीराम म्हणाला, एसटीत बसून यायचं असतं तर कधीच आलो असतो.

गाडी होती लहानशी, पांढरी. शेजारचे मास्तर मुलाकडे ठाण्याला कायमचे राहायला गेले तेव्हा त्यांची गाडी काशीरामने घेतली. नाचणे गावातल्या आपल्या घरासमोर ती उभी असायची आणि बाजारापर्यंत, फार तर पावसपर्यंत जाऊन यायची. चालवायचा तोच. जनी अंगणवाडी सेविका होती, नोकरीची शेवटची वर्षं स्कूटीवरून गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने चारचाकी शिकायचं मनावर घेतलं. पहिल्या दिवशी काशीरामनेच शिकवायला घेतलं. दुसरा गिअर पडेपर्यंत दोघांचं बोलणं बंद झालं होतं. मग ती नम्रताबाईंकडे गेली. नम्रताबाई फक्त बायकांनाच गाडी शिकवायच्या. घरात ड्रायव्हर असून बाहेर शिकवणी लावलीस, म्हणून काशीरामने चिडवून घेतलं. लायसन्स आलं त्या दिवशी त्याने पेढे आणले. गाडी मात्र तिच्या हाती दिली नाही. शिकलीस ते बरं केलंस, म्हणाला, पण ह्या रस्त्यांवर नको.

तयारी सुरू झाली तसं घर दोन बाजूंना वाटलं गेलं. स्वयंपाकघरात जनीचं राज्य होतं. कुळथाचं पीठ, आमसुलं, सोडे, उकडे तांदूळ, गेल्या उन्हाळ्यातले फणसाचे तळलेले गरे, एकेक पिशवी भरून ती दोऱ्याने तोंड आवळत होती. अंगणात काशीरामचं राज्य. ऑईल बदललं, ब्रेक बघितले, स्टेपनीत हवा भरली, मागच्या डिकीत दोरी, टॉर्च नि पाण्याचा कॅन ठेवला. एक दिवस उगाचच माळनाक्याला एसटीच्या वर्कशॉपपर्यंत जाऊन आला. गेटवरचा रखवालदार नवा होता. कुणाकडे काम आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा काशीरामला एकही नाव आठवेना. आठवत होती ती सगळी माणसं कधीच घरी बसली होती.

संध्याकाळी पडवीत बसून तो जनीला रस्ता सांगायचा. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा. पालीच्या पुढे वडांची रांग लागते, तिथे भर उन्हातही गाडीत गार वाटतं. साखरप्याला सदूचं हॉटेल. बाहेर कितीही गर्दी असली तरी ड्रायव्हर-कंडक्टरची उसळ आतल्या बाकावर आधी यायची, वर कच्चा कांदा, न मागता. एकदा पहाटे गाडी बंद पडली तेव्हा सदूच्या बायकोने सगळ्या पॅसेंजरांना फुकट चहा पाजला होता. जनी आमसुलं निवडत ऐकायची. निवृत्तीनंतर काशीराम त्या रस्त्याने गेलेलाच नव्हता. रस्ता मोठा होतोय, झाडं तुटली, हे त्याच्या कानावर आलं होतं, पण त्याच्या सांगण्यात वड जागच्या जागी उभे होते.

मनस्वीने एकच गोष्ट तोंडाने मागितली होती. अंगणात लावायला माडाचं रोप. सांगलीच्या मातीत माड कितपत धरेल याची काशीरामला शंका होती, पण लेकीने मागितलं म्हटल्यावर आणणं आलं. म्हणून एका सकाळी दोघं भाट्याला नारळ संशोधन केंद्रात निघाली. ऊन कोवळं होतं, पूल ओलांडताना खाडीवरून गार वारा येत होता. जनी खिडकीची काच खाली करून बसली होती. सुरूच्या बनाजवळ डावीकडून एक बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रस्त्यात उतरली.

काशीरामला ती दिसली नाही. उशिरा दिसली असंही नाही. त्याच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. जनी ओरडली आणि त्याचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा बाई बॉनेटपासून हातभर अंतरावर उभी होती. पाटी खाली पडली होती आणि बांगडे रस्ताभर झाले होते.

बाईने तोंड सोडलं ते मनापासून सोडलं. डोळे घरी ठेवून आलास काय, इथपासून सुरुवात करून ती त्याच्या वयावर आणि वयावरून मरणावर आली. रस्त्यावर उकिडवा बसून तो बांगडे गोळा करत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नव्हती. जनीने सगळे बांगडे विकत घेतले, बाईचा हात हातात घेऊन तिला शांत केलं. रोप न घेताच दोघं परतली. काशीराम इतक्या हळू गाडी चालवत होता की मागून येणाऱ्या रिक्षा हॉर्न वाजवून पुढे जात होत्या. घरी बांगड्यांचं तिखलं झालं, पण त्याने ताटाला हात लावला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई वयाने मनस्वीएवढ्या होत्या. त्यांनी त्याला एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली आणि हातात बटण दिलं. समोर दिवा लुकलुकला की दाबायचं. काशीराम मन लावून दाबत होता. मधेच बराच वेळ दिवा लागायचाच नाही, तेव्हा त्याला वाटायचं, मशीन जुनं दिसतंय. मग बाईंनी कागद दाखवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात कडेचा सगळा भाग काळा होता, उजव्याचीही कड काळी पडायला लागली होती. दिवे लागत होते काका, त्या म्हणाल्या, तुम्हाला दिसत नव्हते.

काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. आणि गाडी आता चालवायची नाही.

"दिवसासुद्धा?" काशीरामने विचारलं.

"दिवसासुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

रिक्षातून घरी येताना जनीला एकेक गोष्ट आठवत गेली. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडायचा. वय झालं म्हणून दोघांनी हसण्यावारी नेलं होतं.

घरी आल्यावर काशीरामने पावसाळ्यात लाकडांवर घालायची ताडपत्री शोधून काढली आणि गाडीवर घालून चारी बाजूंनी बांधली. मनस्वीला फोन कर, म्हणाला, शिमगा झाला की बघू, एसटीने जाऊ. मग तो पडवीत जो बसला तो बसलाच. समोरच्या चढावरून एसटी गेली की आवाजावरून त्याला कळायचं, गिअर उशिरा टाकला. पूर्वी तो हे जनीला सांगायचा. आता ऐकायचा आणि गप्प बसायचा. सकाळ-संध्याकाळ जनी त्याचं डोकं मागे करून डोळ्यांत थेंब घालायची, तेवढ्यापुरता तो जागचा हलायचा.

जनीने फोन केला नव्हता. चारेक दिवस तिने वाट बघितली आणि मग एका सकाळी जाऊन ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागली.

"काय चाललंय?" काशीरामने पडवीतून विचारलं.

"गाडी मी चालवणार. नम्रताबाईंशी बोलून आलेय."

"घाट हाय तो, जने. नाचण्याचं मैदान नाय."

जनी ताडपत्रीची घडी घालत राहिली. तिने मोठा आवाज काढला नाही.

"तुम्ही वरच्या रूटला असलात की मला रात्रभर झोप लागायची नाय. पावसात तर नायच. दरड पडली असेल, धुकं असेल, समोरून कोण दारू पिऊन येत असेल. मनस्वीला कुशीत घेऊन नुसती पडून राहायची. पहाटे फाटकाचा आवाज आला की मग डोळा लागायचा. पण एक दिवस तरी तुम्हाला म्हटलं, जाऊ नका?"

पहाटे काशीराम घरात यायचा तेव्हा जनी गाढ झोपलेली असायची. हातपाय धुताना भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून तो किती जपायचा. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हिची झोप चांगली आहे. तो उठला आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

पहिली फेरी हातखंब्यापर्यंतची ठरली. शिकवणीचा तो एक दिवस सोडला तर काशीराम आयुष्यात पहिल्यांदाच डावीकडच्या सीटवर बसत होता, आणि त्याला पाय कुठे ठेवावेत ते सुधरेना. समोर नुसती मोकळी जमीन. साळवी स्टॉप येईपर्यंत त्याने ती जमीन दहादा दाबली. उजवा हात गिअरकडे जायचा, तो त्याने मांडीखाली घेतला. तोंड मात्र मांडीखाली घेता येत नव्हतं. दाब, सोड, हॉर्न दे, त्याला जाऊ दे, आता टाक, आता नको. कुवारबाव मागे पडल्यावर जनीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, सावकाश थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"अवो, तुमच्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर काय लिहिलेलं असायचं?"

काशीरामने जनीच्या डोक्यावरच्या टपाकडे बघितलं.

"चालू गाडीत चालकाशी बोलू नये," तो म्हणाला.

"मग?"

हातखंब्यापर्यंत तो बोलला नाही. तिथे रावजीची चहाची टपरी होती. रावजी हातखंब्याचाच. निवृत्त झाल्यावर त्याने तिठ्यावर टपरी टाकली होती. ती रस्ता रुंद करताना गेली आणि आता आतल्या बाजूला पत्रे ठोकून तो पुन्हा बसला होता. उजव्या दारातून जनी उतरताना दिसली तेव्हा हातातली किटली तशीच धरून तो बघत राहिला. मग मोठ्याने हसला, काश्या, तुझी बदली झाली काय रे कंडक्टरकीवर, म्हणाला. डोळ्यांचं कळल्यावर त्याचं हसू थांबलं. चहा देऊन तो त्यांच्यासमोर बाकावर येऊन बसला.

मग मागचं निघालं. मिरजेची रात्रीची गाडी. कोंबड्यांची टोपली टपावरून सुटून घाटात पडली होती ती गोष्ट, आणि बस थांबवून अर्धे पॅसेंजर कोंबड्यांमागे धावले होते. गाडीतच बाळंत झालेली दाभोळ्याची बाई, आणि तिने मुलाचं नाव ठेवताना रावजीकडे माणूस पाठवून विचारलं होतं, ड्रायव्हरचं नाव काय म्हणून. म्हणजे आज कुठेतरी एक काशीराम चांगला बाप्या झालेला फिरत असेल. घाट लागायच्या आधी ज्या आंब्याखाली दोघं गाडी लावून तोंडावर पाणी मारायचे तो आंबा कुठे होता यावर बराच वाद झाला. आता तिथे नुसता सिमेंटचा रस्ता होता आणि खूण सांगायला काही उरलं नव्हतं.

निघताना काशीराम त्याला हळूच म्हणाला की डाव्या बाजूला बसवत नाही, जीव वर येतो.

"मी तुझ्या गाडीत मागे उभ्याने जन्म काढला," रावजी म्हणाला. "माझ्या पायाखाली कधी ब्रेक होता?"

पुढचे दिवस जनी रोज गाडी काढत होती. कधी काशीराम बरोबर, कधी नम्रताबाई. नम्रताबाईंनी तिला निवळीचा घाट दोनदा चढवून आणला. येताना दोघी भाट्यावरून माडाचं रोप घेऊन आल्या.

ठरल्या दिवशी उजाडताना दोघं निघाली. काशीरामने चाकापुढे नारळ फोडला, ग्रामदेव भैरीला गाऱ्हाणं घातलं. मागची सीट पिशव्यांनी भरली होती आणि रोप पिशव्यांत मधोमध बसवलं होतं, हिरवी पानं काचेला टेकलेली. हवेत गारठा होता. जनीने पदर खोचला, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि आरसा आपल्या उंचीला करून घेतला.

पाली गेली आणि काशीराम वडांची वाट बघायला लागला. वड नव्हते. लांबच लांब उघडा रस्ता, मधे दुभाजक, कडेला कापलेल्या तांबड्या दरडी. पुलांवरून गाडी जात होती आणि खाली कुठेतरी जुना रस्ता तुकड्या-तुकड्यांनी दिसत होता. दाभोळ्याची वळणं अर्धी सरळ झाली होती. साखरप्याला त्याने जनीला हळू घ्यायला सांगितलं, मान पूर्ण डावीकडे वळवून तो बघत होता. सदूचं हॉटेल जिथे असायला हवं तिथे मातीचा भराव होता. कदाचित मागेच राहिलं असेल, तो म्हणाला. जनीने विचारलं, वळवू का. नको म्हणाला. ज्या रस्त्यावर डोळे मिटून गाडी नेली असती त्या रस्त्यावर आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि हे त्याने कबूल केलं नाही.

घाट मात्र तोच होता. काम चालू असलेली जागा सोडली तर वळणं जुनीच होती. काशीरामने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि तोंड घट्ट मिटलं. जनी छान चढवत होती. वळणाआधी हॉर्न, गिअर वेळेवर, घाई नाही. अर्धा घाट झाला असेल. एका उभ्या वळणावर पुढचा भरलेला ट्रक दम लागल्यासारखा थांबला आणि जनीलाही थांबावं लागलं. ट्रक परत हलला. जनीने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. परत चालू केली, परत बंद पडली, आणि ह्या वेळी वीतभर मागे घरंगळली. मागून हॉर्न सुरू झाले. स्टिअरिंगवरचे तिचे हात पांढरे पडले होते.

"अवो," ती म्हणाली.

काशीराम दार उघडून खाली उतरला. कडेचा एक बऱ्यापैकी दगड उचलला आणि मागच्या चाकाला उटी लावली, गाडी मागे सरकू नये म्हणून. मग रस्त्याच्या मधे उभा राहून त्याने दोन्ही हात वर केले. डावीकडचं दिसत नव्हतं म्हणून सगळं अंग फिरवून त्याने बघून घेतलं. वरून एक एसटी उतरत होती. तिचा ड्रायव्हर तरणा पोरगा होता. त्याने गाडी वरच थांबवली आणि काचेतून हात वर केला. काशीरामनेही केला. तो पोरगा त्याला ओळखत नव्हता, हा हात सगळ्याच ड्रायव्हरांचा असतो. मागचे हॉर्न एकेक करून बंद झाले.

काशीराम जनीच्या खिडकीशी आला. सावकाश कर, म्हणाला, कुणी कुठे जात नाय. आणि मागे सरून गाडीच्या टपावर हाताने दोनदा थाप मारली, रावजी डबल बेल द्यायचा तशी.

गाडी थरथरली, कण्हली आणि चढली. ह्या चढावर मधेच थांबायचं नाही, हे नम्रताबाईंनी जनीला घोकून घेतलं होतं, म्हणून ती थांबली नाहीच. वळणावरून पार दिसेनाशी झाली. काशीरामने दगड उचलून कडेला टाकला, एसटीला आणि मागच्या गाड्यांना हाताने वाट करून दिली, आणि बायकोच्या मागे घाट चढायला लागला.

ह्या घाटात आपलं पाऊल आज पहिल्यांदा पडतंय, हे दहा-वीस पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. चाक पडलं होतं, हजारो वेळा. पाऊल नाही. चढाने धाप लागली तसा तो कठड्याशी थांबला आणि खाली बघितलं.

खाली सगळं कोकण होतं. एकामागे एक डोंगर, शेवटचे तर नुसते निळे. मधल्या दरीत अजून धुकं साचलेलं, त्यातून वर आलेली झाडांची टोकं. एका सावरीवर पान नव्हतं, सगळी लाल झाली होती. खाली एका वाडीतून सरळ रेघेसारखा धूर वर चालला होता. पॅसेंजर खिडक्यांना चिकटून ओरडायचे, बघा बघा म्हणायचे, पोरांना मांडीवर घेऊन दाखवायचे. काशीरामला ते फक्त ऐकू यायचं. त्याचे डोळे पुढच्या वळणावर असायचे. मागे इतकी माणसं बसलेली असताना दुसरीकडे बघायचं नसतं, आणि त्याने कधी बघितलं नव्हतं.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. जनी वरच्या रुंद वळणावर गाडी लावून त्याला शोधत खाली येत होती. तिचा चेहरा घाबरलेला होता.

"बरं वाटत नाय काय तुम्हाला?"

"बरं हाय," काशीराम म्हणाला. "हे बघितलंस काय तू?"

"मघाशी बघितलं चढताना. लग्नानंतर आलेलो तेव्हा पण बघितलेलं. मळमळत होतं तरी बघितलं." ती त्याच्या बाजूला कठड्याशी उभी राहिली. "तुम्ही कधी बघितलं नाय?"

त्याने मान हलवली. तिने त्याचा हात धरला आणि दोघं वरच्या वळणापर्यंत चालत गेली. तिथे बॉनेटवर फडकं पसरून जनीने घावन आणि चटणी काढली. खाऊन झाल्यावर ती निघूया म्हणाली. काशीराम म्हणाला, थांब गो जरा, आज कुठे टायमात पोचायचंय. मग ती थांबली. एसट्या, ट्रक, मोटारी वर-खाली जात राहिल्या आणि दोघं दरीकडे तोंड करून बसली होती. मनस्वी लहान असतानाचं काहीतरी निघालं, मग जनीच्या आईचं, मग काहीच नाही. ऊन वर आलं तसं दरीतलं धुकं निघून गेलं आणि खालची शेतं दिसायला लागली.

सांगलीला पोचेपर्यंत दुपार उलटून गेली होती. मनस्वी फाटक उघडून धावत आली ती सवयीने उजव्या दाराकडे, बाबा म्हणत, आणि आत आईला बघून तिथेच थांबली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जनीने हसून डावीकडे बोट दाखवलं. डोळ्यांचं सगळं तिला त्याच संध्याकाळी कळलं. ती थोडी रडली, आणि मग नर्स असल्यामुळे थेंबांची बाटली हातात घेऊन वेळा विचारायला लागली.

पण ते नंतर. आधी चहा झाला. जावई विचारतात तसं अजिंक्यने विचारलं, रस्ता कसा होता. काशीराम कधीच फार बोलणारा नव्हता. रस्त्याबद्दल विचारलं तर खड्डे कुठे आणि काम कुठे चालू आहे एवढं सांगून तो मोकळा व्हायचा. आज त्याने कप खाली ठेवला आणि सांगायला लागला. सावर सांगितली, धुकं सांगितलं, डोंगर मोजून दाखवले. चहावर साय धरली. जनीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पिशव्या सोडायला आत गेली. आणि खाली अगदी तळाला, तो मनस्वीला सांगत होता, एक माणूस बैल घेऊन बांधावरून चालला होता. एवढासा दिसत होता. कुठे पोचला असेल आता कोण जाणे.